उपासाच्या गोळ्या

मिना बंदरातल्या आमच्या ख्रिस्ती देवळाच्या तळघरात फुकट औषधांचं एक कपाट आहे आणि त्या कपाटाची मालकीण म्हणजे उम्म नख्ले. उम्म म्हणजे आई; नख्ले तिचा मुलगा. कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला. तिने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. औषधांतलं तिला ओ की ठो कळत नाही. ते कळायला मी आहे. माझं औषधांचं दुकान होतं; आमच्याकडे औषधवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात. आमचं चलन लिरा मातीमोल झालं, बँकांनी दारं लावून घेतली, सरकार नावाला उरलं आणि माझ्या फळ्या रिकाम्या झाल्या. तेव्हा तीच येऊन म्हणाली, "डॉक्टर, घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा माझ्या तळघरात येऊन बस."

औषधं ती मयताच्या घरून आणायची. माणूस गेला की त्याच्या उरलेल्या गोळ्या मागायच्या. आमच्यात चाळिसाव्याची प्रार्थना होईपर्यंत मेलेल्याची वस्तू घराबाहेर जात नाही, म्हणून ही एक्केचाळिसाव्या दिवशी दारात हजर. बायका पाठीमागे तिला गिधाड म्हणत. "म्हणू देत," ती म्हणायची, "गिधाड निदान काही वाया घालवत नाही."

त्या वर्षी तिचा सगळा जीव रीममध्ये अडकला होता. रीम नऊ वर्षांची, बंदरावर मासे साफ करणाऱ्या बाहियाची पोर. मुसलमान, पण तळघरात कुणी कुणाला धर्म विचारत नाही. पोरीला फीट यायची. गोळी चुकली की दिवसातून चार-चारदा पडायची, आणि ती गोळी अख्ख्या शहरात मिळत नव्हती.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचा मोठा उपास सुरू झाला आणि पहिल्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर उम्म नख्ले उठून उभी राहिली. "पन्नास दिवस मांस सोडायचं म्हणे. यंदा मांस आहे कुणाच्या घरात, सोडायला? तेव्हा दुसरं काहीतरी सोडा आणि ते माझ्या तळघरात आणून द्या." लोक हसले. आमचे पाद्री, खूरी मिखाईल, हसत "आमेन" म्हणाले.

तिच्या मनात होती कॉफी, साबण, मूठभर तांदूळ. पण यायला लागली पाकिटं, सुट्या गोळ्यांची. "बहिणीच्या उरल्या होत्या." "सासऱ्यांच्या आहेत, आता कुणाला लागतायत?" मी खूश. एवढे मेलेले एकदम कुठून आले, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

रीमची गोळी मात्र त्यात नव्हती. पाचव्या आठवड्यात तिच्या दोनच उरल्या, आणि त्याच आठवड्यात आमच्याच देवळातला म्हातारा अबू फर्हात जिन्यावरून कोसळून गेला. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यालाही फीटचा त्रास होता. गोळी तीच. मोडून अर्धी दिली की पोरीला चालणार होती.

"चाळीस दिवस थांबायला पोर उरणार नाही," उम्म नख्ले म्हणाली आणि तिसऱ्याच दिवशी मला घेऊन मयताच्या घरी गेली. बायका बसल्या होत्या, बिनसाखरेची कॉफी फिरत होती. तिला बघून एकजण पुटपुटली, "आलीच का. माती तरी वाळू द्यायची."

अबू फर्हातची बायको वदीआ उठली. आत गेली, एक फुगलेलं पाकीट घेऊन आली. "तुझंच आहे. पुनरुत्थानाच्या सणाला स्वतः आणून देणार होता."

पाकिटावर त्याच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'उपासाच्या'.

"तूच म्हणालीस ना, काहीतरी सोडा?" वदीआ म्हणाली. "मी म्हटलं, अरे, सिगारेट सोड. म्हणाला, सिगारेटी कधीच संपल्यात, माझ्याजवळ एवढंच आहे. महिनाभर एक गोळी घेतली नाही त्याने. ने आता. पोरीला तरी दे."

उम्म नख्लेने पाकीट घेतलं. घ्यावंच लागलं. रस्त्यात तिने विचारलं, "डॉक्टर, गोळ्या घेतल्या असत्या तर पडला असता का रे तो?"

"वय झालं होतं त्याचं."

"तू खोटं बोलतोस." मी खोटंच बोललो होतो.

रीमला अर्धी गोळी त्याच संध्याकाळी मिळाली. ती पडली नाही. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

रविवारी उम्म नख्ले पुन्हा उभी राहिली. मी शेजारी उभा राहिलो. ती म्हणाली, "माझं चुकलं. ज्यांनी आपली औषधं सोडली असतील त्यांनी आजच पुन्हा घ्यायला लागावं. देवाला असला उपास नको."

प्रार्थनेनंतर माणसं तळघरात यायला लागली. एकेकटी, एकमेकांची नजर चुकवत. "ती बहिणीची म्हणून दिली होती ना, ती माझीच होती रे." कुणाची रक्तदाबाची, कुणाची साखरेची. मी काय देणार? सगळ्या केव्हाच दुसऱ्यांना वाटून टाकल्या होत्या. अकरा जणांना मी हात हलवत परत पाठवलं.

सगळ्यांत शेवटी खूरी मिखाईल उतरले. भिंतीला धरून, दर पायरीवर श्वास घ्यायला थांबत. पाय घोट्यापर्यंत सुजून चपलेच्या बाहेर आले होते.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" उम्म नख्ले म्हणाली.

"मीच आमेन म्हटलं होतं ना, मुली," ते म्हणाले. "माझी हृदयाची गोळी आहे. एक असली तरी चालेल."

तिने कपाट उघडलं. रीमचं पाकीट सोडून आत काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरीही ती एकेक फळी हाताने चाचपत राहिली, आणि खूरी खुर्चीवर बसून वाट बघत राहिले.