शोकसभेतला सुधाकर

दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येतात म्हणूनच आपण माणूस, हे थोर विधान आमच्या कोंढा गावात कोणी गेले की ऐकायला मिळे. सरण पेटले की पुरुषमंडळी तलावाच्या पाळीवर बसत, शोकसभा भरे आणि माझा शेजारी सुधाकर बोलायला उठे. पाण्यावरून धूर सरकत जाई, त्याचा आवाज त्यात विरघळे आणि मेलेला माणूस जिवंतपणी होता त्याहून पुष्कळ बरा वाटू लागे. स्वतः सुधाकरला मात्र काहीच वाटत नसे.

हे मला रोवणीच्या दिवसांत कळले. त्याची बायको मंदा भाताच्या बांधीत किंचाळली. पायाला साप चावला होता. सुधाकर शेताच्या कडेला धुऱ्यावर उकिडवा बसून कुतूहलाने विचारत होता, "कसं वाटून राहिलं वं? आग होते का बधिर?" मी धावत पोचलो, तसे त्याचे डोळे भरले. "भाऊ, माही मंदा!" पवनीच्या दवाखान्यापर्यंत तो हुंदके देत होता. मंदा वाचली.

पुढे भंडाऱ्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना मी विचारले. "माणूस न तपासता मी निदान करत नाही," ते म्हणाले. "पण सायकोपॅथी म्हणतात तो व्यक्तिमत्त्वाचा विकार असतो, वेड नव्हे. भान शाबूत, बोलणे गोड. दुसऱ्याचे दुःख समजते, पण लागत नाही. असे सगळेच खून करत नाहीत. काही सभा गाजवतात."

मंदाला कायमचे माहेरी जायचे होते. तिचा भाऊ नामदेव साकोलीहून आला, तो तिचीच समजूत घालायला. माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "काहून सोडून राहिली वं असा माणूस? बाबाच्या शोकसभेत काय बोलला! 'हा बाप नव्हता, सावली होती.' अजून आठवते मले."

मंदा खाली बघत म्हणाली, "'सावली गेली, आता उन्हाला दोष कशाला द्यायचा?'"

"तू तं नव्हती तिथं. बायका कुठं येतेत घाटावर?"

"बाबा दवाखान्यात होते तवा रोज मले म्हणून दाखवे, दादा. इथं थांबू का, इथं रडू का, विचारे. बाबा तवा भाकर खाऊन राहिले होते. डॉक्टर सुट्टी देतो म्हणे."

नामदेव ओसरीवरून उठला. मग म्हणाला, "सामान बांध."

बस निघाली तेव्हा सुधाकर रडत तिच्यामागे धावला. स्टँडवरचे सगळे हळहळले. "पाषाण हाय बाई," एक म्हातारी मंदाला म्हणाली. बस धुक्यात दिसेनाशी झाली. सुधाकर पानठेल्यावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने तंबाखूचा एक खर्रा घोटायला सांगितला. सुपारी जास्त.