पुनिसरा दिदी आणि कोंडलेलं पाणी

धुपीडांड्याच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं एक्सरे काढतो आहे. आमच्या पहाडात माणसाच्या आत बघायचं तर जितमान रोकाच्या, म्हणजे माझ्याच खोलीत यावं लागायचं, आणि या गोष्टीचा मला थोडा माजही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. म्हणून पुनिसरा घर्तीच्या हातात ते डब्याएवढं सोनोग्राफीचं यंत्र आलं तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात लोक त्याला 'व्हिडिओ एक्सरे' म्हणायला लागले. म्हणजे नावही माझंच पळवलं.

पुनिसरा दिदी आमची नर्स. वय माझ्याएवढंच, अंगाने ठेंगणी, पायात बारा महिने निळ्या रबरी चपला. नवरा मलेशियाला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही, आणि विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही. एकटीने मुलगी वाढवली, तिला सुर्खेतला शिकायला धाडलं, आणि मग रिकाम्या क्वार्टरमध्ये करमेना म्हणून बाई सुट्टीच्या दिवशीही वॉर्डात येऊन बसायला लागली. आवाज असा की प्रसूतीच्या खोलीत ती ओरडली तर बाहेर अंगणातले बापे उठून उभे राहत.

ते यंत्र एका जुन्या डॉक्टरने मागवलं होतं. तीन आठवडे त्याने तिला शिकवलं आणि त्याची बदली झाली. नंतर आलेले डॉक्टर वर्ष-दोन वर्षांचे पाहुणे. यंत्र कपाटात शालीखाली पडून राहायचं, ते दुपारी जेवणानंतर दिदी बाहेर काढायची आणि जो हाताशी सापडेल त्याला आडवं करायची. माझं पित्ताशय या दवाखान्यात स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पोटाला लावायची जेली संपली तर दिदी मक्याचं पीठ पाण्यात शिजवून गाळायची आणि ती पेज थर्मासात भरून ठेवायची.

"दिदी, लोक पेज खाऊन शहाणे होतात, तुम्ही फासून होणार का?" मी एकदा म्हणालो.

"झोपा गपचूप, दाइ. तुमच्या पोटात वाऱ्याशिवाय काही सापडलं तर पहिलं तुम्हालाच कळवीन." दाइ म्हणजे थोरला भाऊ; सगळा दवाखाना मला तसंच म्हणायचा.

तिची एक खोड मात्र मला तेव्हाही आवडायची. कुणाला नेपालगंजच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं की चौथ्या दिवशी ही तिकडे फोन लावायची. "पोट उघडलंत ना? काय निघालं?" एवढंच विचारायची. तिला जे दिसलं होतं ते निघालं तर "हं" म्हणायची. दुसरंच काही निघालं तर त्या दिवशी तिच्या वाटेला जायची सोय नसे. अशी चार वर्षं गेली, आणि चुका करून, त्या मान्य करून ती बाई त्या पडद्यावरचं काळं-पांढरं वाचायला शिकली.

मग गेल्या फागुनात माझ्या बांना गावाहून आणलं.

आमचं गाव दवाखान्यापासून चार तासांच्या चढावर. बा तिथे राहतात, आणि त्यांचं सगळं माझी बायको जसमाला बघते. भाच्याच्या लग्नानंतर बांचं पोट दुखायला लागलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले वारा धरलाय. दुसऱ्या दिवशी जेवण बंद झालं. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, तेव्हा जसमालाने शेजारचे चौघे गोळा केले, बांबूची डोली बांधली आणि दुपारी बाराला त्यांना आमच्या इमर्जन्सीत आणून ठेवलं. मी बाहेर आलो तर बा गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. बहात्तर वर्षांचा माणूस, अजून मेंढरामागे पळणारा, आणि तोंडातून आवाज काढत नव्हता.

ड्यूटीवर सुयोग तुलाधर होते. काठमांडूचे तरुण डॉक्टर, आमच्याकडे येऊन पाच महिने झालेले, पोरगा मनापासून काम करणारा. त्यांनी पोटाला हात लावला तर बेंबीच्या वरपर्यंत पोट फळीसारखं कडक. बा कळवळले.

"संडास झाली का?"

"दोन दिवस नाही," जसमालानेच उत्तर दिलं. बा भिंतीकडे बघत होते.

"लघवी होते?"

"होते की. सारखे उठतात. रात्रीतून दहा वेळा उठतात."

"हो ना, बा?" मी विचारलं.

बांनी भिंतीकडे बघूनच मान हलवली. मी त्यांचा एक्सरे काढला. माझ्या बापाचा एक्सरे काढताना 'श्वास रोखा' म्हणायचंच विसरलो आणि पहिली फिल्म हललेली आली. दुसरीत वर आतड्यात वारा आणि खाली सगळं करडं, धुरकट. डॉक्टरांनी ती उजेडाला धरून बराच वेळ पाहिली, मग दिदीचं यंत्र आणून स्वतःच पोटावर ठेवलं. पडद्यावर काळंभोर पसरलेलं दिसलं.

ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जितमान दाइ, पोटात पाणी सुटलंय. बरंच आहे. बहुतेक आतडं फुटलंय. इथे ऑपरेशन होणार नाही. नेपालगंजला न्या, आत्ताच्या आत्ता."

माझी पाचावर धारण बसली. नेपालगंज म्हणजे जीपने दहा तास, त्यातले निम्मे दगडधोंड्यांतून. त्या जीपने गेलेली सगळी माणसं परत येत नाहीत हे मला चांगलं ठाऊक, कारण त्यांचे एक्सरे मीच काढलेले. तरी जीपवाल्याला फोन केला. जसमालाने बांची शाल गुंडाळली.

"मला नेऊ नका," बा म्हणाले. "मरायचंच आहे तर आपल्या ओट्यावर मरेन. तिकडे कापून घ्यायला नाही जायचं मला."

"बा, कापतील तर वाचाल."

"तू गप. तुला काय कळतं?"

तेवढ्यात पुनिसरा दिदी प्रसूतीच्या खोलीतून हात पुसत आली. "जीप कुणासाठी? कुणाचं पोट?"

"माझ्या बांचं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "डॉक्टरसाब, गाडी येईस्तोवर मी एकदा बघू का?" विचारायची रीत म्हणून विचारलं. थर्मास तर तिने आधीच उघडला होता.

कोमट पेज पोटावर पडली तसे बा दचकले. "पोरी, ही पोटात घालायची की पोटावर?"

"तुम्ही बरे व्हा, मग पोटात घालते." दिदीने यंत्राचा दांडा बेंबीखाली टेकवला, आडवा केला, उभा केला, मग पार खाली, ओटीपोटाच्या हाडामागे वाकवला. तिथे ती थांबली. बाहेर जीप हॉर्न वाजवायला लागली होती.

"डॉक्टरसाब, इकडे या. हे पाणी सांडलेलं वाटतं का तुम्हाला?"

"म्हणजे?"

"सांडलेलं पाणी फट मिळेल तिथे घुसतं. आतड्यांच्या मधे शिरतं, टोकं काढतं. याला टोक कुठे आहे? ही कड बघा. इथून सुरू झाली, अशी वर गेली, अशी वळून परत खाली आली. सगळीकडून गोल." तिचं बोट पडद्यावरून फिरलं. "हे सांडलेलं नाही. हे कोंडलेलं आहे. ही लघवीची पिशवी आहे."

"बेंबीच्या वरपर्यंत? पण लघवी होते म्हणतात ना."

"थेंब गळतात म्हणून घागर रिकामी होत नाही." तिने दांडा एका कुशीला लावला, मग दुसऱ्या. "दोन्ही मूत्रपिंडंही फुगलीत. वरपर्यंत तुंबलंय सगळं."

डॉक्टर वाकून बघत राहिले. मग ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं." एवढंच म्हणाले, पण सगळ्यांच्या देखत. त्या पोराबद्दल माझं मत तेव्हापासून फार चांगलं आहे.

दिदीने जसमालाला चहा आणायला पिटाळलं, डोली उचलून आणणाऱ्या चौघांना अंगणात घालवलं, पडदा ओढला आणि बांच्या कानाशी वाकली. एवढा हळू आवाज या बाईला काढता येतो हे मला माहीतच नव्हतं.

"बा, धार लागते का नुसते थेंब?"

बा पुन्हा भिंतीकडे वळले. तिकडे बघूनच म्हणाले, "थेंब."

"कधीपासून?"

"लग्नापासून. जरा जास्त घेतली होती. त्याआधीही धार बारीकच होती."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? घरात बुहारी एकटी. सुनेला जाऊन सांगू, मला मुतायला होत नाही म्हणून?"

दिदी हसली नाही. तिने हातमोजे चढवले, नळी घातली, आणि नळीच्या टोकाची प्लास्टिकची पिशवी भरायला लागली. ती भरतच राहिली. दीड लिटरची खूण ओलांडली तोवर बांचे गुडघे सरळ झाले होते, कपाळाच्या आठ्या गेल्या होत्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पूर्ण श्वास सोडला. जीव भांड्यात पडतो म्हणतात. माझा त्या पिशवीत पडला. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि रडलो. मग जाऊन जीप परत पाठवली.

"पुनिसरा, तुझ्या आईने काय खाऊन तुला जन्म दिला गं?" बा म्हणाले.

"दुसरं काय असणार? रानातल्या सिस्नोची भाजी." मग ती माझ्याकडे वळली, आणि आवाज आपल्या जागेवर आला. "आणि तुम्ही हो, दाइ! बावीस वर्षं सगळ्या पहाडाच्या बरगड्या मोजता. बापाला बाजूला घेऊन एवढं विचारता आलं नाही?"

"बापाला असं कसं विचारणार, दिदी?"

"बुहारीने सांगायचं नाही, मुलाने विचारायचं नाही. मग काय देव येणार होता वर्दी द्यायला?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं.

जसमाला चहा घेऊन आली तेव्हा दिदी तिला म्हणाली, "पोटात पाणी तुंबलं होतं, काढलं. आता काळजी नाही." पिशवीवर तिने बांची शाल टाकली होती. जसमाला शालीकडे बघून सगळं समजली. बांनी चहा घेताना तिच्याकडे पाहिलं नाही.

अजून एक परीक्षा बाकी होती. प्रोस्टेटची ग्रंथी वाढून वाट अडलीय म्हणून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं की पाचव्या दिवशी सकाळी नळी काढू. दुपारपर्यंत आपोआप लघवी झाली तर घरी, नाही झाली तर पुन्हा नळी आणि ऑपरेशनसाठी नेपालगंज. पाचव्या दिवशी सकाळी बा अंगणात उन्हाला बसले आणि ग्लासामागून ग्लास पाणी प्यायला लागले. मी दारात उभा, डॉक्टर खिडकीत, स्वयंपाकीण पायरीवर. दहा वाजले, अकरा वाजले, बा दोनदा आत जाऊन तसेच परत आले आणि त्यांचा चेहरा उतरायला लागला.

"तुम्ही सगळे असे टक लावून बसलात तर भेरी नदीसुद्धा आटेल," दिदी कडाडली. "चला, आपापल्या कामाला लागा."

आम्ही पांगलो. साडेअकराच्या सुमाराला बा स्वतः माझ्या एक्सरेच्या खोलीत आले आणि म्हणाले, "दिदीला बोलाव." दिदीने यंत्र लावलं. त्या काळ्या गोलाच्या जागी आता लिंबाएवढा डाग उरला होता.

"रिकामी झाली," ती म्हणाली. "न्या घरी यांना."

"मी जसमालाला सांगतो," मी म्हणालो.

"थांब," बा म्हणाले.

जसमाला नळावर त्यांचे कपडे धूत होती. शेजारी तीन-चार बायका आपापली भांडी घेऊन उभ्या होत्या. बा काठी टेकत तिथवर गेले, उभे राहिले, घसा खाकरला. दिदी आणि मी मागून बघत होतो.

"बुहारी," ते म्हणाले, "मला लघवी झाली. चांगली धार लागली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जसमाला ओले हात तसेच घेऊन उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज एकदम साधा होता.

"पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी सांगा, बा."

"सांगेन," बा म्हणाले.