सागाच्या पानाखालचा चेंडू

मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. माझे वडील कल्याणच्या एका छापखान्यात कामाला होते आणि छापताना वाया गेलेली पत्रकं घरी आणायचे. कोरी बाजू आम्हा दोघी बहिणींच्या सरावाला, छापलेली बाजू वाचायला. वह्यांची कव्हरंही त्याच कागदाची. माझ्या भूगोलाच्या वहीवर 'जाहीर निषेध' होतं आणि ताईच्या गणिताच्या वहीवर 'आता माघार नाही'. शाळेतल्या बाई विचारायच्या, तुमच्या घरातून रोज मोर्चा निघतो का गं? ताई हसायची. मला राग यायचा. आमच्यातला तो फरक अजून तसाच आहे.

त्यामुळे शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या आमच्या खोऱ्यात गोल्फचं खासगी मैदान झालं, तेव्हा त्याच्याविरुद्ध मी लिहिणार हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. ताई तिथे नोकरीला लागेल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मुरबाडच्या एमआयडीसीत ती पॅकिंगला होती. कंत्राट संपलं, नवीन मिळेना. मैदानावर कॅडी हवे होते, बायकाही चालणार होत्या. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन चालायचं, चेंडू कुठे पडला ते शोधायचं, कुठली स्टिक वापरावी ते सांगायचं. मी घरात बोलायला सुरुवात केली, की दुसऱ्याची ओझी वाहू नका हे आपल्या वडिलांनी जन्मभर छापलं आणि आता त्यांचीच मुलगी. ताईने मला तिथेच थांबवलं.

"छापलं, आणि मग ते गठ्ठे आसनगाव स्टेशनपासून घरापर्यंत डोक्यावर कोणी आणले गो?"

वडील खाली मान घालून हसले. ताई दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

मैदान सोमवारी सभासदांसाठी बंद असतं. त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा असते, सभासदांनी टाकून दिलेल्या जुन्या स्टिका घेऊन. ताई तशी खेळायला लागली आणि तिला ते येतं असं निघालं. सुगी संपली की आमच्या मोकळ्या खाचरात ती संध्याकाळी चेंडू मारत बसायची. धसकटांत चेंडू सापडत नसे, तरी मारायची. आई म्हणायची, एवढी ताकद कुदळीला लाव.

माझं भांडण होतं वाटेचं. आमच्या वस्तीतून खालच्या विहिरीकडे जाणारी वाट मैदानाच्या कडेने जायची. मैदानाची हद्द पांढऱ्या खुंट्यांनी दाखवलेली असते. खुंटीपलीकडे गेलेला चेंडू बाद. पहिल्या वर्षी खुंट्या वाटेच्या पलीकडे होत्या, मैदानाच्या बाजूला. पुढच्या वर्षी शेवटचा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा गवताचा पट्टा, रुंद करायचा म्हणून त्या वाट ओलांडून आमच्या बाजूला आल्या. त्यानंतर तार आली. आता बायका टेकडीला वळसा घालून पाण्याला जातात. आमच्या तालुक्यातून मोठमोठे पाइप मुंबईला जातात आणि मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो, तोही आला तर. खालची विहीर तेवढी मेमध्येही तळाला थोडं पाणी धरून असते.

मी पत्रक लिहिलं. वडिलांनी चष्मा पुसून प्रूफ तपासलं. छापायला देणार, तेवढ्यात ताई म्हणाली, थांब.

पावसाच्या आधी, पुढच्याच सोमवारी, कॅडींची एक स्पर्धा होणार होती. पहिला येईल त्याला शिकवणाऱ्या कोचच्या हाताखाली कायमची नोकरी. रोज शेडमध्ये बसून बॅग मिळते की नाही याची वाट बघायला नको, महिन्याचा पगार, लहान मुलांना खेळ शिकवायचं काम. ताईला ती नोकरी इतकी हवी होती की त्याबद्दल ती बोलतच नव्हती. पत्रक आमच्या घरातून निघालं तर तिला फाटकाच्या आत कुणी घेणार नव्हतं.

"सोमवारपर्यंत," ती म्हणाली. "मग काय छापायचं ते छाप."

मी सोमवारपर्यंत थांबायला तयार झाले, पण कुरकुरत. त्यावर तिने आणखी एक मागितलं. स्पर्धेत प्रत्येकाबरोबर बॅग घ्यायला एक माणूस लागतो, आणि तिच्याबरोबर येणारी मैत्रीण लग्नाला निघाली होती. "तू चल. ज्याच्यावर लिहितेस ते एकदा आतून बघ तरी."

असा मी त्या मैदानात पहिल्यांदा पाय ठेवला, बहिणीची बॅग खांद्याला लावून.

मी तिथे काय बघायला गेले होते ते मला माहीत होतं. मेमध्ये हिरवं गवत, पाण्याचे फवारे, बाहेरून आणलेली पांढरी वाळू. ते सगळं होतंच. पण आणखी एक होतं, ज्याची तयारी मी केली नव्हती. ज्याने हे मैदान आखलं त्याने आमचं खोरं नीट पाहिलं होतं. त्याने जुन्या खाचरांचे बांध मोडले नव्हते. त्यांच्यावर गवत चढवून पायऱ्या तशाच ठेवल्या होत्या, आणि चेंडू एका पायरीवर पडून दुसरीवर घरंगळत जायचा. पहिल्या होलच्या मध्यावर एक जुना मोह होता. तो तोडण्याऐवजी सगळा होल त्याच्या भोवती वळवला होता. डावीकडून जायचं की उजवीकडून, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

सहाव्या होलवर तर मी बॅग खाली ठेवून उभीच राहिले. एका उंचवट्यावरून तळं ओलांडून मारायचं असतं. समोर दोन आंब्यांच्या फटीत माहुलीचा सुळका बरोबर मधोमध दिसतो. नेम त्याच्यावर धरायचा, ताईने सांगितलं. तो डोंगर मी जन्मापासून बघते आहे. गुरांमागे बघितला, एसटीच्या खिडकीतून बघितला. पण मला नेमक्या जागी उभं करून, आता बघ, असं कुणी म्हटलं नव्हतं. ताईने स्टिक फिरवली. आवाज झाला तो फांदी मोडल्यासारखा कोरडा. चेंडू सुळक्याच्या दिशेने चढत गेला, थोडा थांबल्यासारखा वाटला आणि पाण्यापलीकडे अलगद पडला. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं.

"हे पण लिही," ताई म्हणाली.

मी बॅग उचलली. मला राग आला होता, आणि तो नेमका कशाचा हे कळत नव्हतं. वाईट माणसाने वाईट वस्तू केली तर लिहायला सोपं जातं. इथे आमच्याच जमिनीचं सौंदर्य कुणीतरी शोधून काढलं होतं आणि त्याच्याभोवती तार लावली होती.

ताईबरोबर खेळत होता तो खर्डीकडचा एक जुना कॅडी. वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणत. दोघंही इतरांच्या पुढे होते, म्हणजे नोकरी या दोघांपैकीच एकाला मिळणार होती. दादाला दोन मुलं, घरचं भात जेमतेम पुरायचं. त्यालाही ती तितकीच हवी होती. तरी वाटभर तो थट्टा करत होता. मला म्हणाला, "लेखिकाबाई, बॅग सरळ धरा, स्टिका पडतील. पेनापेक्षा जड असतात."

शेवटच्या होलवर ताई एका फटक्याने पुढे होती, म्हणजे तिचे फटके दादापेक्षा एकाने कमी होते. पण तिथे तिचा चेंडू उजवीकडे वाकडा गेला, तारेच्या कडेला सागांच्या खाली. दादाचा चेंडू सरळ, लांब, पलीकडे. तो आपल्या चेंडूकडे गेला आणि आम्ही दोघी झाडीत शिरलो. ही तीच जागा, जिथून आमची वाट जायची. पांढरी खुंटी हाताच्या अंतरावर होती. चेंडू तिच्या आत होता, म्हणजे खेळात होता.

खाली सागाच्या वाळक्या पानांचा थर. ताटाएवढ्या एका पानाच्या कडेखाली चेंडू अर्धा दडून बसला होता. आमच्याकडे या दिवसांत राबाची घाई असते. पालापाचोळा गोळा करायचा, रोपांच्या जागी पसरायचा आणि पावसाआधी जाळायचा. लहानपणापासून उन्हाळाभर आम्ही पाट्या भरभरून पानं आणलेली. सागाचं मोठं वाळकं पान दिसलं की आमच्या घरातल्या कुणाचाही हात आपोआप खाली जातो. ताईचा गेला. तिने देठाला धरून पान उचललं, ते पाटीत टाकण्यासाठी उचलतात तसं, झटक्यात.

चेंडू अर्धा वळला आणि एका बोटाच्या अंतरावर जाऊन थांबला.

पान उचलायला नियमाची हरकत नसते. मात्र त्यामुळे चेंडू हलला तर एक फटका दंड, आणि चेंडू परत जागेवर ठेवायचा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त ताईचा चेहरा पाहिला आणि काहीतरी बिघडलं हे ओळखलं. ती पान हातात धरून तशीच उभी होती. दादा लांब होता, आमच्याकडे पाठ करून. बाकी कुणी नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हलला. एक लागतो."

मी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोणी नाय बघितलं."

"तू बघितलंस."

"मी कोणाला सांगणार हाय काय?"

"म्हणजे आता दोघींनी गप बसायचं," ताई म्हणाली. मग हात तोंडाशी धरून तिने दादाला मोठ्याने हाक मारली. "दादा, बॉल हलला. माझा एक घे."

दादा वळला. मग तिथूनच विचारलं, "नक्की?"

"नक्की."

तिने चेंडू उचलून पहिल्या जागी ठेवला. झाडीतून बाहेर पडायला तिला एक फटका जास्त लागला, आणि पानाचा एक होताच. शेवटी दादा एकाने पुढे राहिला. पानाचा नसता तर बरोबरी झाली असती आणि दोघं पुन्हा खेळले असते. दादाने तिच्याशी हात मिळवला, पण त्याला तिच्याकडे बघता येत नव्हतं. "एवढ्या जोरात बोलायची काय गरज व्हती?" तो म्हणाला. "मला ऐकायला आलं नसतं तर नसतं आलं." ताई हसली. माझ्याने हसवलं नाही.

परत येताना आम्ही तारेच्या कडेने, टेकडीला वळसा घालून आलो. मी वाटभर बोलत होते. ज्यांनी अख्खी वाट हलवली त्यांच्या मैदानावर तू बोटभर हललेल्या चेंडूचा हिशेब देतेस. त्यांच्या खुंट्या हलल्या तेव्हा कोणी हात तोंडाशी धरून सांगितलं का, की आमच्याकडून हललं, आमचा एक घ्या? या लोकांशी प्रामाणिकपणा म्हणजे त्यांना फुकटची चाकरी. मी अजूनही यातलं बरंच मानते. ताई ऐकत चालली होती. सागाचं ते पान तिच्या हातात तसंच होतं.

टेकडीच्या वळणावर ती थांबली. तिचे डोळे लाल झाले होते.

"त्यांनी हलवलं ते तू लिही. लिहायलाच पायजे. मी हलवलं ते मी सांगितलं. दोन्ही एकात घालू नको."

घरी पोचल्यावर तिने हातपाय धुतले आणि माझं पत्रक मागितलं. लहानपणी वाचायची तसं, ओळीखाली बोट ठेवून तिने ते वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं. 'मैदानाने आमच्या विहिरीचं पाणी पळवलं' असं मी लिहिलं होतं.

"हे कोणी बघितलं?"

मी म्हणाले, एवढे फवारे चालतात, पाणी कुठून येतं? ती म्हणाली, त्यांचं पाणी तळ्यातून येतं हे मी बघते, आणि तळं कशावर भरतं ते मला माहीत नाय, तुलाही नाय. मी वाद घातला. लोकांच्या लक्षात राहील ते हेच वाक्य, हे काढलं तर पत्रकात नुसती वाट उरते. "वाट आपल्या डोळ्यांदेखत गेली," ताई म्हणाली. "तेवढी पुरे."

वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी ते वाक्य खोडलं. मनापासून खोडलं असं म्हणणार नाही.

पत्रक छापलं. आसनगाव स्टेशनच्या जिन्यावर, शहापूरच्या बाजारात आणि मैदानाच्या फाटकावर आम्ही ते वाटलं. मैदानाच्या मॅनेजरने ताईला बोलावून विचारलं, हे तुझ्या बहिणीचं का? ती हो म्हणाली. यातलं अमुक खोटं आहे, असं त्याला म्हणता येईना. तो एवढंच म्हणाला, की पावसानंतर मोजणी करून बघू. खुंट्या अजून तिथेच आहेत. तारही.

दादा आता मुलांना शिकवतो. ताईला कुणी कामावरून काढलेलं नाही. ती सकाळी शेडमध्ये जाऊन बसते, इतरांना बॅगा मिळतात, तिचा नंबर लागत नाही. दुपारी ती परत येते. आईचा राब जाळून झाला, पेरणीची तयारी चालू आहे, घरात हाताला काम भरपूर आहे. तरी दुसऱ्या दिवशी तिची टोपी डोक्यावर.

काल ती चप्पल घालत होती तेव्हा मी विचारलं, नंबर लागतच नाय तर रोज कशाला जातेस?

"मी गेली नाय तर ते बोलतील, ती येतच नाय," ताई म्हणाली. "आणि मग ते खरं होईल."

ती टेकडीच्या वळशाने गेली. मी नवं पत्रक लिहायला घेतलं आहे. पहिल्या वाक्याशी अडले आहे, कारण शेडमध्ये जे चाललं आहे ते मी डोळ्यांनी बघितलेलं नाही.