कोलशेतची मेस

गेटवर काँक्रीटचे चार मिक्सर उभे होते आणि भिंतीवर माणसं नव्हती. काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर तसाच पडलेला. पंपाचा ऑपरेटर माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"गेली कुठे सगळी?"

"खायला, मॅडम. नाक्यावर."

"आपली मेस आहे ना?"

तो वळून पंपाची नळी पुसायला लागला.

बांधकामाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. काँक्रीट ओतायला घेतलं, म्हणजे आमच्या भाषेत पोअर सुरू झाला, की मध्येच थांबता येत नाही. खालचा थर घट्ट व्हायच्या आत वरचा पडायला हवा, नाही तर दोन्ही एकजीव होत नाहीत. मध्ये जी रेघ राहते तिला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो. घराच्या कंपाउंडला अशी रेघ राहिली तर फारसं बिघडत नाही. आम्ही बांधत होतो कोलशेतला खाडीकाठची भिंत. भरतीचं खारं पाणी नेमकं त्या रेघेतून आत शिरतं आणि सळई गंजवतं. माणसं अंडाभुर्जी खाऊन परत आली तोवर रेघ पडली होती. पुढचे काही दिवस आम्ही छिन्नी-हातोडा घेऊन ती खरवडत बसलो.

मेसची कल्पना माझी होती, त्यामुळे बोलणीही मलाच बसली.

हल्ली मोठ्या टेंडरमध्ये एक भाग असतो: काम करताना आजूबाजूच्या वस्तीचं काय भलं करणार, ते कंत्राटदाराने लिहून द्यायचं. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. शाळेची भिंत रंगवायची, रोपं लावायची, वह्या वाटायच्या, फोटो काढायचे. आमचंही तेच ठरलं होतं. मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे. इतकी वर्षं साइटवर काढली, पण त्या रोपांना नंतर पाणी कोण घालतं हे मला अजून कळलेलं नाही.

त्यातून इथे आम्ही गावाचं नुकसानच करत होतो. कोळीवाड्याच्या होड्या लागायच्या ती जागा आमच्या कामात गेली होती. भिंत झाली की तिथे पायऱ्या मिळणार होत्या, पण तोवर होड्या लांब वळसा घालून लावायच्या. मासळी आधीच कमी झालेली, त्यात हे. बचत गटाची वैशाली पहिल्याच आठवड्यात भांडायला आली. पस्तिशीची, खणखणीत आवाजाची, ठाण्याच्या बाजारात मासे विकणारी.

"पायऱ्या देनार असा बोर्ड लावलाय, बरं हाय. तवर आमी काय खायाचं? तुमचा बोर्ड?"

मला हसू आलं आणि तिचं म्हणणं पटलंही. आमच्या लेबर कॅम्पमध्ये दीडशेच्या आसपास माणसं. त्यांचं जेवण एक केटरर करायचा, जो आमच्याबरोबर साइट बदलेल तसा गावं बदलत फिरायचा. म्हटलं, ती मेस वैशालीच्या गटाला देऊ. हेड ऑफिसचे कामतसाहेब नाखुशीने 'बघू थोडे दिवस' म्हणाले.

यात एक गोष्ट मला नंतर कळली. बाजारात मासे विकायची जागा ही बसून टिकवायची असते. तुम्ही काही दिवस बसला नाहीत की शेजारची टोपली हळूच सरकते आणि जागा तिची होते. वैशालीची जागा तिच्या सासूपासूनची. मेससाठी तिने ती सोडली होती. तिचं बघून आणखी दोघींनी सोडली. म्हणजे मेस बंद पडली असती तर मला फक्त केटरर बदलायचा होता. त्यांना परत जायला जागा नव्हती.

कोल्ड जॉइंटचे फोटो बघून कामतसाहेबांचा फोन आला.

"पुढच्या पोअरला काम थांबलं तर त्या बायकांना नमस्कार सांगा. जुना केटरर तयार बसलाय."

"सर, त्यांनी बाजारातल्या जागा सोडल्यात."

"मॅडम, आपण भिंत बांधतोय."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मेसमध्ये जेवायला बसले. अळूचं फतफतं, वरणभात, मऊसूत पोळ्या, काकडीची कोशिंबीर. मी भात दोनदा घेतला. समोर मात्र ताटंच्या ताटं उष्टी पडत होती. आमचे बहुतेक कामगार बंगालमधले, मालद्याकडचे. त्यांचा मुकादम मफिजुल माझ्या शेजारी भात न खाता ताटात त्याची नुसती टेकडी करत होता.

"काय झालं? खाना अच्छा नहीं है?"

"अच्छा है, मैडम. शादी का खाना लगता है. लेकिन शादी रोज थोड़ी होती है."

जेवण उरकल्यावर मी वैशालीला विचारलं, "हा मेनू ठरवला कोणी?"

"तुमीच की."

"मी?"

"पयल्या दिवशी इचारलं नाय का, मॅडम, तुमाला काय आवडतं? तुमी बोललात अलू, वरनभात."

मला वाटलं होतं ती मला घरी जेवायला बोलावतेय. डोंबिवलीच्या बाईला कोणी आवडीचं विचारलं की ती मनापासून सांगते. त्यावरून या बायकांनी गणित मांडलं: साइटची मोठी मॅडम शाकाहारी, म्हणजे कंपनी शाकाहारी, म्हणजे कंपनीचा माणूस न् माणूस शाकाहारी. अळू करायला त्या कोणा ओळखीच्या काकूंकडून खास शिकून आल्या होत्या.

"अगं, पण तुम्ही कोळी. मासे का नाही केलेत?"

"बाजारातनं येताना टोपली बघून रिक्षावाला घेत नाय आमाला. तुमच्या हापिसाच्या दारात आमी मासं शिजवनार? म्हटलं, जरा चांगलं करू."

'चांगलं' हा शब्द तिने इतक्या साधेपणाने वापरला की मला लाज वाटली. तिची नव्हे, आम्हा सगळ्यांची.

आम्ही बोलत होतो तोवर मागच्या बाजूला बायका स्वतःच्या जेवणाला बसल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी वेगळं केलं होतं: भात आणि वांगं-सुकट. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. पातेल्याचं झाकण काढलं आणि वास कॅम्पभर गेला. मी मासे खात नाही, तेव्हा वारा बघून जागा बदलली. पण अळूचं उष्टं ताट तसंच ठेवून दोन पोरगेलेसे कामगार मागच्या दाराशी आले. मग चार. मग मफिजुल स्वतः.

"ये तो शुटकी है," तो म्हणाला. त्याच्याकडे सुकी मासळी म्हणजे शुटकी. चेहरा असा, की जणू घरून फोन आलाय.

बायकांनी आपलं जेवण वाटून टाकलं. एक घास खाऊन मफिजुल म्हणाला, "थोड़ा खट्टा है. सरसों का तेल डालो."

"खट्टा नाय तर काय मजा? ये कोळीका हाथ है," वैशाली म्हणाली. तिची हिंदी आणि त्याची मराठी एकाच दर्जाची होती, त्यामुळे वाद बराच वेळ सुखाने चालला. शेवटी चिंच निम्मी आणि तेल मोहरीचं, असा तह झाला.

आता उरला कंपनीचा नियम, जो वैशालीला मासे का नाहीत असं विचारताना मीच विसरले होते. संध्याकाळी मी कामतसाहेबांना फोन लावला.

"साइटवर नॉनव्हेज शिजणार नाही, मॅडम. मालकांचा नियम आहे. तुम्हाला माहितीय."

"साइटवर. बरोबर. आणि साइटच्या बाहेर?"

"बाहेरचं मी कशाला ऐकू?"

एवढं पुरे होतं. गेटबाहेर लागूनच कोळीवाड्याची जाळी ठेवायची शेड होती. जाळी एका बाजूला सरकवून मेस तिथे हलवली. गावच्या होड्यांना मिळणारी बोई, चिवणी, बारीक कोळंबी अशी मासळी, जिला बाजारात फार कोणी विचारत नाही, ती इथे खपायला लागली. नसेल त्या दिवशी सुकट किंवा अंडी. चिकन-मटण म्हटलं की कोणी कसं कापलं, हलाल आहे का, हा प्रश्न येतो. माशाच्या बाबतीत तो कोणी विचारत नाही, हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. माझ्यासाठी कोपऱ्यात डाळभात असायचा, जरा दयेनेच वाढलेला.

पुढच्या पोअरला मी सकाळपासून भिंतीवर होते. जेवायला टोळ्या पाडल्या: एक खाली, दोन वर. पहिली टोळी उतरली. नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी डोळे लावून बसले. कोणी गेलं नाही. टोळी शेडमध्ये शिरली, हात पुसत बाहेर आली, दुसरी उतरली. एकही मिक्सर खोळंबला नाही. उजेड होता तोवर शेवटचा थर पडला.

वैशाली भिंतीखाली येऊन उभी होती. "झाली?"

"झाली. रेघ नाही."

ती शटरिंगच्या फळ्यांवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मला वाटलं घाम असेल. "माझ्या जागेवर आता दुसरीच बसते, मॅडम," ती म्हणाली. "काल बघून आले मी. सांगितलं नाय कोनाला." मी तिच्याजवळ बसले.

भिंत पुरी होईपर्यंत मेस चालली. पायऱ्या झाल्या, होड्या परत आल्या. कंपनीच्या अहवालात आमच्या साइटचं सामाजिक काम म्हणून पान भरून फोटो आले, सगळे रोपांचे. त्यातली बरीचशी तोवर बकऱ्यांनी खाल्ली होती. मेसचा उल्लेख नव्हता, कारण मग तिथे मासे शिजायचे तेही सांगावं लागलं असतं.

मग माझी बदली शहाडला झाली. नदीवरच्या पुलाचं काम, नवा कॅम्प, पुन्हा तीच जेवणाची बोंब. मी वैशालीला फोन केला.

"नाय जमनार, मॅडम."

"अगं, मी सगळी सोय करते. गाडी पाठवते."

"बाळकुमला दोन टॉवरचं काम हाय, त्यांची मेस घेतलीय. माजिवड्याचा मानूस बी येऊन गेला. आमच्या बायका पुरत नाय. तुमच्यासाठी इकडचं कसं सोडू?"

मी जरा आर्जवही केलं. तीस वर्षांत मी केटररला कधी आर्जव केलेलं नाही. ती गोड बोलली, घरच्यांची चौकशी केली आणि ठामपणे नाहीच म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा मला आधी राग आला. ही मेस मी दिली होती, हे मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं की आम्ही टेंडरमध्ये जे काय लिहून देतो, ते इथे एकदाच खरं झालंय. ज्यांचं भलं केलं असं आपण म्हणतो, त्यांना आपल्याला नाही म्हणता यायला हवं. ते येत नसेल तर आपण फक्त केटरर बदललेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी शहाडच्या वस्तीत गेले. बायका जमल्या. एकीने विचारलं, मॅडम, तुम्हाला काय आवडतं? म्हटलं, माझं सोडा, आधी कॅम्पवर चला.