वाळूची हवा, डांबराची हवा

दुसऱ्याच्या सायकलच्या टायरवर आपला जन्मजात अधिकार आहे असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. ऐंशी सालाच्या आसपास चिंचणीला नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या चिकूच्या वाडीतली एक खोली मी भाड्याने घेतली. खोली हवेशीर, विहिरीचं पाणी गोड, घरमालकीणकाकू मायाळू. काका मात्र रोज सकाळी पायात हवेचा पंप धरून ओटीवर जकात नाक्यासारखे बसलेले. रस्त्याने कुणाचीही सायकल आली की यांचा हात आडवा. मग वाकून टायर अंगठ्याने दाबायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "टायर कसा पायजे? तोडणीच्या चिकूसारका. बोट रुतता नये, पन दगड पन नाय." पोस्टमन, पाववाला, मासळीची पाटी घेऊन निघालेला कुणी, सगळे मुकाट थांबत. मला या मुकाटपणाचाच जास्त राग यायचा.

त्यांच्या मते हवा दोन प्रकारची. डांबरी रस्त्याची कडक आणि कोळीवाड्याकडच्या वाळूची नरम. वाळूत कडक टायर रुततो, डांबरावर टायर नरम असला की रिम मार खाते, म्हणून हवा भरण्याआधी माणूस कुठे जाणार हे कळायलाच हवं. त्यामुळे रोज सकाळी, मी पाय पायडलवर ठेवायच्या आत, प्रश्न तयार. "कुठं चाललीस, बाय?" आता सरकारी नर्स कुठे जाते, कुणाचे दिवस भरले आहेत, हे काय ओटीवर जाहीर करायचं? पण सांगितल्याशिवाय सुटका नसे. त्यात उन्हाचं आणखी एक शास्त्र होतं. ऊन तापलं की हवा फुगते. एकदा वाडीतल्या लग्नात यांनी भर दुपारी उन्हात लावलेल्या सगळ्या वऱ्हाडाच्या सायकलींची थोडी थोडी हवा काढली. "फुटले असते ना टायर!" संध्याकाळी गारवा आला आणि सगळे टायर वाळल्या वांग्यासारखे बसले. नवरदेवाचा मामा हातवारे करून भांडत होता आणि हे त्याच्याच सायकलला तृप्त चेहऱ्याने पंप मारत होते. पंगत उठली तरी हे पंप सोडून जेवायला आले नाहीत.

हेही मी सोसलं असतं. पण दिवाळीनंतर एका सकाळी, पोस्टमन आणि दोन शेजारणी उभ्या असताना, काका माझा मागचा टायर दाबून मोठ्याने म्हणाले, "बाय, तुजं वजान वाडलंय. मागं चार पंप जास्त मारलेत." जी बाई गावातल्या बाळंतिणींची वजनं करते, तिचं वजन अंगठ्याने! मी तिथल्या तिथे सुनावलं. "काका, उद्यापासून मला काहीएक विचारायचं नाही. कुठे चालले, कशाला चालले, एक अक्षर नाही."

काका पंप उचलून ओटीवर जाऊन बसले. पुढचे काही दिवस खरोखरच एक शब्द नाही. मी सुखात होते.

गुरुवारी मी नेहमी वाळूच्या रस्त्याने कोळीवाड्यात जाई. त्या गुरुवारी मात्र मला बोईसरच्या कामगार वस्तीत लहान मुलांना पोलिओचे डोस द्यायला पाठवलं. कॅरियरला बर्फाची पेटी बांधली आणि डांबरी रस्त्याने निघाले. सायकल ओढेना. निम्म्या वाटेवर एका खड्ड्यात रिम खाडकन आपटली आणि मागची ट्यूब कापली गेली. ऊन चढत होतं, पेटीतून पाणी ठिबकत होतं. बर्फ संपला की लस फुकट, आणि दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की आया कामावर. मी सायकल ढकलत निघाले.

तेवढ्यात मागून काका आले, घामाघूम, पंप पाठीला बांधलेला. निघताना मी काकूंना सांगितलं होतं, त्यांच्याकडून त्यांना बोईसरचं कळलं होतं.

"गुरुवार ना आज? मी पहाटे वाळूची हवा ठेवली."

"मला विचारायचं तरी!"

"तूच बोललीस, इचारू नका."

"विचारू नका म्हटलं. हात लावा कुणी सांगितलं होतं?"

काका सायकलवरून उतरले. त्यांनी आपली सायकल माझ्यापुढे केली. त्या सायकलवर कधी काकूही बसल्या नव्हत्या, त्या एस.टी.नेच जात. मी पेटी बांधली, साडी खोचली, दांड्यावरून पाय टाकला, तर हे ओरडले, "थांब!" आणि बर्फ वितळत असताना त्या माणसाने मागच्या टायरात चार पंप जास्त मारले.

वस्तीत बायका उठायच्याच बेतात होत्या. "सिस्टर, जल्दी करो, भोंगा होनेवाला है," एक जण मूल पुढे करत म्हणाली. पेटीत बोराएवढा बर्फ उरला होता. सगळ्या मुलांना डोस मिळाले. संध्याकाळी परतले तर काका माझी सायकल ढकलत घरी आणून, ट्यूब जोडून, ओटीवर बसलेले.

"टायर कसा चालला?"

"पोरांना डोस मिळाले का, ते नाही विचारणार?"

"ते मिळालेच असनार. हवा बरोबर होती."

पुढे माझी पालघरला बदली झाली. काका गेल्या पावसाळ्यात गेले. इथे बाजारात हवेचं यंत्र आलंय. दुकानदार नळी लावतो, फुस्स करून हवा भरतो, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. परवा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, कुठे चाललेय, रस्ता कसला आहे, काही विचाराल की नाही?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मीच टायरवर अंगठा दाबून पाहिला. दगड होता.