हौद कुठं बांधायचा

गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची मी अध्यक्षा होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! शिक्का माझा, पण बैठक आमच्या ओसरीवर, आणि ओसरीवर कायम माझे भाया बसलेले. भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. गावचं राजकारण त्यांच्या मुठीत. आमच्या वडवणीकडं भायासमोर खुर्चीवर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. ते खाकरले की पदर पुढं ओढून गप्प व्हायचं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी हेच करत आले.

त्या दुष्काळात टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, जनावरांना कुठलं! अशात निरोप आला की बाहेरदेशातल्या एका संस्थेची माणसं येणार. जगभर बायकांना पुढं आणायचं त्यांचं काम. आमच्या संस्थेला ते जनावरांसाठी बोअर आणि हौद करून देणार होते. जागा मात्र बायकांनीच ठरवायची.

आम्ही ठरवली, डोंगराकडच्या वस्तीवर. तिथल्या बायका नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या, नवराबायको मिळून एक कोयता, आणि पाणी त्यांच्याच जनावरांना सगळ्यात लांब. तिथं माझी एक मैत्रीण होती. तिच्या दारात एकच गाय. ती म्हणाली, "हौद वस्तीवर झाला तर गाय ऱ्हाती. गाय ऱ्हायली तर मी बी ऱ्हाते. मालकाला म्हनलंय, तुमी एकटे जा औंदा अर्ध्या कोयत्यावर. पोरगी सातवीला हाय, तिची शाळा सुटायला नको."

"तू घोर करू नको," मी म्हणाले. "मी बोलते."

पाहुणे आले. खुर्च्यांवर पाहुणे, भाया आणि त्यांचे दोस्त, आणि आम्ही संस्थेच्या मालकिणी खाली सतरंजीवर! तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. बैठक वस्तीवर ठेवायची, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

पाहुण्यांतल्या गोऱ्या बाईंनी विचारलं, ते त्यांच्याबरोबर आलेल्या बीडच्या मॅडमनी मराठीत सांगितलं, "अध्यक्षबाई, हौद कुठं हवा?" धारा काढताना, भाकरी थापताना आठ दिवस मी ते वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडलं. "आमचं म्हणणं असं की..."

भाया खाकरले.

जळ्ळी मेली ती सवय! हात आपोआप पदराकडं गेला, मान खाली गेली. "आमच्या मोसंबीच्या बागेला लागून जागा हाय," भाया म्हणाले. "रस्त्यावर हाय, समद्यांना सोयीची. बायांचं बी तेच म्हननं हाय."

मॅडमनी विचारलं, "खरं का?" सगळ्या बायांच्या माना हो म्हणून हलल्या. माझी मैत्रीण तेवढी उठून म्हणाली, "न्हाई. आमचं वस्तीवर ठरलं व्हतं."

भाया हसले. "अध्यक्षालाच इचारा की."

मॅडम माझ्याकडं वळल्या. मी सतरंजीचा दोरा उपटत बसले.

हौद बागेला लागून झाला. बोअरचं पाणी आधी मोसंबीला, उरलं तर जनावरांना. पुढं त्या पाहुण्यांच्या संस्थेची पुस्तिका आली, तीत पहिल्याच पानावर माझा फोटो, खाली लिहिलेलं की ही बाई गावाचे निर्णय घेते. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती काढू कुणावर? भायांवर राग आहेच, मरेपर्यंत राहील. त्या पाहुण्यांवरही आहे. सात समुद्र ओलांडून आलात, अन् वस्तीपर्यंत चार पावलं चालवलं नाही? पण सगळ्यात जास्त राग माझा मला येतो. ठरावावर मीच सही केली, तीही वळणदार.

मैत्रिणीची गाय बाजारात गेली. दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर वस्तीवर लागला, तेव्हा मी पळत गेले. भांडी, सरपण, कोंबड्या चढत होत्या. पोरगी वर जाऊन बसली होती. शाळेचं दप्तर घरातच राहिलं होतं.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

तिनं हातातलं बोचकं वर दिलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "त्यांचं सोड, ते तसलेच. एकच इचारते तुला. त्या दिशी माझी पोरगी वसरीच्या खांबाला धरून हुबी व्हती. तुझ्या तोंडाकडं बघत व्हती. तिच्याकडं बघून बी तुला एक शब्द बोलवंना का गं?"

ट्रॅक्टर निघाला, आणि माझा हात पुन्हा पदराकडं गेला.