न भरलेली फी

नवऱ्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरी पेढे आले नाहीत. रविवारी सिंगापूरच्या लिटिल इंडियात जाऊन ते आणायचे असं मी म्हटलं होतं खरं, पण गेले आणि तोंडली, कढीपत्ता घेऊन परत आले. नवऱ्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि काही विचारलं नाही. तो तसा समजूतदार आहे, आणि त्याचा मला कधीकधी राग येतो.

त्याच आठवड्यात कंपनीच्या वकिलाची मेल आली. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज जाणार होता. साध्या रांगेत निर्णयाला सहा-आठ महिने लागतील, जादा फी भरली तर पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल. कंपनीला घाई नव्हती, तेव्हा घाई हवी असेल तर जादा फी आम्ही भरायची. काय ते सोमवारपर्यंत कळवा.

ती फी आमच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी होती. घोडं पैशापाशी अडलेलं नव्हतं, आईपाशी अडलं होतं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली, त्याला तीन वर्षं झाली होती. मी एकुलती एक. तिचा सिंगापुरात राहण्याचा पास माझ्या नोकरीवर निघालेला. मी इथली नोकरी सोडली की माझा पास संपणार आणि त्याच्या मागोमाग तिचा. अमेरिकेत नवऱ्यासोबत मला जाता येणार होतं, आमच्या मुलीला येणार होतं, आईला नाही. तिला तिकडे फार तर पाहुणी म्हणून काही महिने येता आलं असतं, आणि त्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच वर्ष जातं असं सगळे सांगत होते. म्हणजे आम्ही निघालो की आईने पुण्याच्या बंद फ्लॅटचं कुलूप उघडायचं आणि एकटीने राहायचं. वय बाहत्तर, एक गुडघा कामातून गेलेला.

फी भरली असती तर दिवाळी इथे करून आम्ही निघालो असतो. नाही भरली तर पुढचा उन्हाळा. हिशोब सरळ होता: साध्या रांगेत मला आईचे सहा-आठ महिने जास्त मिळत होते.

आई आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं राहिली, पण लेकीच्या घरी राहते आहे हे एक दिवसही विसरली नाही. तिच्या आईने म्हणे आयुष्यात कधी जावयाच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आई तेवढी कर्मठ नाही, पण जावई घरात असला की सोफ्यावर टेकून बसायची नाही. एसी लावायचा असेल तर मला विचारायची. नवरा तिला म्हणायचा, "आई, तुमचंच घर आहे," आणि ती म्हणायची, "हो तर, माझंच आहे की," आणि उठून त्याचा चहाचा कप विसळून ठेवायची. मी चिडायचे. तिला ओरडायचेसुद्धा. काही फरक पडला नाही.

बाकी ती रमली होती. खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंशी तिची मैत्री झाली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा अर्धा तास बोलायच्या. आमची मुलगी नऊ वर्षांची. शाळेतून आली की आजीच्या मांडीवर पाय टाकून पडायची. आजी मराठीत बोलायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, दोघींचं छान चालायचं. आजीने हात दुखेपर्यंत तिचे केस विंचरायचे हा रोजचा कार्यक्रम होता.

रविवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते, नवरा पुसत होता. आई पलीकडे मुलीचं डोकं विंचरत होती. आईला कळू नये असं काही असलं की आम्ही दोघं इंग्रजीत बोलतो. लग्नापासूनची सवय. आधी त्याच्या घरच्यांसमोर बोलायचो, आता माझ्या आईसमोर. इतकी सवय, की आवाजही कमी करत नाही.

तो म्हणाला, "उद्या कळवायचं आहे. जादा फी भरून घाई करू या का?"

मी म्हटलं, "साध्याच रांगेत जाऊ दे."

"मुलीच्या परीक्षेसाठी म्हणतेस?"

"नाही रे. आईसाठी. ती येऊ शकत नाही, तर जेवढं लांबेल तेवढं लांबू दे. तिला मात्र सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल."

त्याने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाला, "ठीक आहे." सोमवारी त्याने कळवलं. मला वाटलं, मोठं काम केलं. अमेरिकेच्या सरकारला आठ महिने थांबवलं, आईच्या नकळत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गणपती झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "यंदा पितृपक्षात ह्यांचं श्राद्ध पुण्यातच करावं म्हणते. पुतण्याशी बोलले, तो करायला तयार आहे. तिकीटही त्यानेच काढलंय."

तीन वर्षं ती बाबांच्या तिथीला इथल्या देवळात शिधा देऊन येत होती आणि तेवढ्यावर तिचं समाधान होतं. मला आश्चर्य वाटलं, पण श्राद्धाला कोण नाही म्हणणार? मी विचारलं, "परत कधी?"

"पितृपक्ष झाला की येते."

पितृपक्ष झाला. नवरात्रात तिचा गुडघा धरला. दसऱ्याला सोसायटीच्या टाकीचं काम निघालं आणि सगळ्यांनी घरात थांबायचं ठरलं होतं म्हणे. दिवाळी तोंडावर आली तेव्हा म्हणाली, आता विमानाला गर्दी असते, दिवाळीनंतर बघू. मी तिच्यावर चिडले. इकडे मी तिच्यासाठी जीव टाकते आणि ही टाकीचं कौतुक सांगते, असंही मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

दिवाळीत चकल्या बिघडल्या. आईला व्हिडिओ कॉल करून विचारलं तर तिने मोहन किती घातलंस विचारलं आणि हसली. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ही बया का येत नाही कळत नाही. मुलगी जवळच बसली होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सहज म्हणाली, "आजी वोन्ट कम, लाह. शी डझन्ट वॉन्ट यू टू वेट."

मी विचारलं, कशाची वाट? तिने सांगितलं. त्या रविवारी आजीने तिला हळूच विचारलं होतं, तुझे आईबाबा काय बोलतायत गं? आणि तिने तिच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं होतं: आजी अमेरिकेला येऊ शकत नाही, म्हणून ममा स्लोवालं घेते. आजीने विचारलं, दुसरं कुठलं आहे? ही म्हणाली, फास्टवालं, जास्त पैसे भरून. आजीने तिची वेणी पुरी केली आणि शाबास म्हणाली.

मी मुलीला काही बोलले नाही. तिने काय चूक केली होती? आम्ही जी भाषा आडपडदा म्हणून वापरत होतो, ती तिची घरची भाषा होती. नऊ वर्षं तिला तीच शिकवली आणि तिच्यासमोरच गुपितं बोलत बसलो.

त्या रात्री आईला फोन करायचं धाडस झालं नाही. दुसऱ्याही दिवशी झालं नाही. नवरा म्हणाला, आता फी भरून टाकू, अजूनही भरता येते. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं. बहुतेक मला वाटत होतं की फी भरली नाही तर ती कधीतरी येईल. तिची खोली तशीच होती. मी ऑफिसातून आले की तिथे पंखा लावून थोडा वेळ बसायचे. आईसाठी मिळवलेले महिने असे एकेक करून गेले.

मे महिन्यात मंजुरी आली. संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं. ती खूश झाली, मनापासून झाली. शेजारी साखर वाटते म्हणाली. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, मला माहीत आहे तू का गेलीस. मी तुझ्यासाठी थांबले होते."

ती म्हणाली, "तेच तर. लेकीच्या घरी मी पाहुणी. पाहुण्यापायी घरच्यांनी निघायचं थांबायचं असतं का? जावयांच्या मनात काय आलं असेल?"

"त्याच्या मनात काही नव्हतं."

"नसेल. माझ्या मनात होतं."

मी रडत होते. मग नेहमीच्या आवाजात, मला समजवायच्या सुरात म्हणाली, "अगं, मला विचारायचंस ना. तू पैसे भरले असतेस तर मी कुठे गेले असते? तुमचं सामान बांधून दिलं असतं, दिवाळी केली असती, आणि तुम्हाला विमानतळावर सोडून मग निघाले असते. तू थांबलीस म्हणून मला जावं लागलं."